मधल्या आवाजाला सक्तीची विश्रांती

२ मे, पोर्तो

आजपासून मला बोलायला बंदी.

काल पहिल्या तालमीत तिसऱ्या कडव्यावर माझा आवाज फाटला. जुनी चादर फाटते तसा, हळूहळू, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आज डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी आत घातली आणि समोरच्या पडद्यावर माझे स्वरतंतू मला दाखवले. लाल, सुजलेले, ओलसर. बावन्न वर्षं ज्यांच्या जिवावर जगलो त्यांची ही पहिली भेट.

"ही सूज नुसत्या गाण्याची नाही," बाई म्हणाल्या. "हे गृहस्थ दिवसभर बोलत असतात का?"

"दोन माणसांचं बोलतात," इर्माबाईंनी सांगितलं. इर्माबाई म्हणजे आमच्या पथकाच्या प्रमुख. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण त्यांच्यापुढे आम्ही तिघे भाऊ शाळकरी पोरांसारखे उभे राहतो.

आठवडाभर एक अक्षर नाही. कुजबुजही नाही, कुजबुज म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या या स्पर्धेची उपांत्य फेरी बाराला आहे. तोवर आवाज येईल का, हे विचारायचं होतं, पण विचारायलाही बंदीच.

इर्माबाईंनी घरी त्सीसानाला फोन लावून कळवलं. माझी बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं मी हेच मागत होते, शेवटी पोर्तुगालच्या डॉक्टरला जमलं!" मग जरा वेळाने तिचा निरोप आला: एक वही विकत घे आणि त्यात लिही, नाहीतर फुटशील.

ही ती वही.

३ मे

वही आहेच तर सगळं रीतसर लिहितो. भूगोलाचा मास्तर आहे, आधी नकाशा काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

नुगझारदादा थोरला. गावात मधमाश्या पाळतो आणि खर्ज गातो, जमिनीखालून आल्यासारखा. जुंबेर धाकटा. ओझुर्गेती ते बातुमी मिनीबस चालवतो आणि सगळ्यांच्या डोक्यावरून कोंबड्यासारखा आरवत जाणारा वरचा आवाज गातो. मी मुर्मान, मधला. जॉर्जियाच्या पश्चिमेकडच्या आमच्या गुरिया प्रांताच्या गाण्यात सुरुवात मधल्यानेच करायची असते, शब्दही त्याचेच. बाकी दोघे त्याला धरून वर चढतात, खाली उतरतात.

सहा वर्षं झाली, दादा आणि जुंबेर एकमेकांशी बोलत नाहीत. गातात. बोलत नाहीत.

बाबा गेले तेव्हा जुंबेर तुर्कस्तानात ट्रक चालवत होता. वाटेत दरड कोसळली, रस्ता बंद, कधी उघडेल कोणी सांगेना. जुलैचा उकाडा होता. पाद्रीबाबा म्हणाले, आता थांबता येणार नाही. दादाने हो म्हटलं. जुंबेर पोचला तेव्हा मातीवर फुलंही सुकली होती. तेव्हा तो काही बोलला नाही. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, सगळं गाव बसलेलं असताना, उठून म्हणाला, "माझ्या वाटणीची माती पण तूच टाकलीस." दादा म्हणाला, "माती कोणाची वाट बघत नाही." झालं. त्यानंतर एक शब्द नाही.

तेव्हापासून मी आहे. दादाचं जुंबेरला सांगतो, जुंबेरचं दादाला. सगळंच सांगत नाही, डाळीतले खडे निवडतो तसं निवडून सांगतो. शिव्या काढतो हे तर उघड आहे. पण गोड बोलणंही काढतो, कारण गोड बोलण्यातून भांडण उकरून निघायला वेळ लागत नाही. जुंबेर दर रविवारी विचारतो, "मोठ्याचा गुडघा कसा आहे?" मी म्हणतो, "बरा आहे." संपलं. ते दादाच्या कानावर कशाला घालू? तो म्हणेल, एवढी काळजी आहे तर स्वतः येऊन का बघत नाही, आणि झालं पुन्हा सुरू. माझ्यामुळे सहा वर्षं घरात शांतता आहे. गावही तसंच म्हणतं.

आता आठवडाभर या दोघांचं कसं होणार, याचीच मला घशापेक्षा जास्त काळजी आहे.

४ मे

चिठ्ठ्यांचा प्रयोग फसला. नाश्त्याला जुंबेर मला म्हणाला, "मोठ्याला सांग, मोजे उलटे घातलेत." मी लिहून दादापुढे सरकवलं. दादाने कागद हात लांब करून धरला, मग आणखी लांब, मग मला परत दिला. "चष्मा घरी राहिलाय. आणि मी काय शाळेत आहे का?" दादाचं उत्तर मी जुंबेरसाठी लिहिलं, तर तो म्हणे, "हे काय, कोंबडी चालून गेलीय का कागदावर?"

दादा दिवसभर उलट्या मोज्यांनी फिरला.

५ मे

आज दुसरी तालीम. मी मंचावर उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. कॅमेऱ्यांना जागा कळाव्यात म्हणून.

आमच्या गाण्यात फारसं काही नाही, तीन माणसं आणि एक ढोल. चाल जुंबेरची, शब्द माझे. पुलाच्या मधोमध अडून बसलेल्या खेचराचं गाणं आहे. एक मालक पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो, खेचर ढिम्म. तिबिलिसीत निवड झाली त्या रात्री एका मुलाखतवाल्याने विचारलं, तुम्हा तिघांत खेचर कोण? सभागृह हसून हसून लोळलं, आमच्या ओळीत बसलेले आमच्या गावचे लोक तर सगळ्यात जास्त. मला त्यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

तर मंचावर दिवे लागले, आणि कोणी सुरूच करेना. सुरुवात माझी. दादा समोर बघतोय, जुंबेर छताकडे. वरून साउंडवाल्याचा आवाज आला, काही अडचण आहे का? 

शेवटी जुंबेर हवेत बघून म्हणाला, "कोणीतरी सुरू करायला हवं."

"मला विचारतोयस का?" दादा म्हणाला. तोही हवेतच.

"दुसरं कोण आहे इथे? मुर्मान तर खांब झालाय."

"मग तू कर. चाल तुझी आहे."

"मधल्याची जागा मला खाली पडते."

"मला वर पडते."

"मग अर्धी मी घेतो, अर्धी तू घे."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. आधी मला वाटलं आता मंचावरच हाणामारी होणार आणि अख्खा युरोप बघणार. पण दादाने नुसती मान हलवली. आणि माझ्या ओळी त्या दोघांनी वाटून घेतल्या. एकमेकांचं तोंड बघितल्याशिवाय ते जमत नाही, कारण श्वास कुठे संपतो ते दिसायला हवं. मी मध्ये होतो, म्हणून माझ्या डोक्यावरून वाकून बघत होते. तेव्हा मी एक पाऊल मागे सरकलो. बिचाऱ्यांची गैरसोय नको.

गाणं काही फार चांगलं झालं नाही. पण साउंडवाल्याने अंगठा दाखवला.

६ मे

इर्माबाईंच्या खोलीत बैठक. वरून निरोप आलाय: माझा आवाज आला नाही तर? तिबिलिसीच्या संगीत महाविद्यालयातला एक जण तयार आहे, उद्याच्या विमानाने पाठवता येईल. संध्याकाळपर्यंत सांगा. त्यानंतर माणूस बदलता येणार नाही.

"म्हणजे नंतर मुर्मानकाकांचा आवाज आला नाही, तर यंदा आपला देश मंचावरच नाही," इर्माबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. आमच्या गावात शाळेच्या मैदानावर मोठा पडदा लावलाय, असं कालच कळलंय.

जुंबेर मला म्हणाला, "मोठ्याला विचार, त्याचं काय म्हणणं आहे."

मी पेन उचललं.

"ठेव ते," दादा म्हणाला, आणि खुर्ची जुंबेरकडे वळवली. खुर्चीसुद्धा कुरकुरली. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मी आधी विचारलं."

"मी थोरला आहे."

"थोरला आहेस म्हणून तर विचारतोय!"

दादाने गुडघा चोळला. मग म्हणाला, "परका माणूस मध्ये उभा राहणार आणि मी त्याच्याखाली खर्ज धरणार? छे. मुर्मान नाही तर मी नाही."

"एवढं तरी बरोबर बोललास. मीही नाही."

"एवढं तरी म्हणजे?"

"म्हणजे एवढंच तरी."

मी चमचा टेबलावर आपटला. दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं आणि एकदमच म्हणाले, "तू गप्प बस!"

मी गप्पच होतो.

इर्माबाईंनी तसं कळवून टाकलं. आता सगळं माझ्या या दोन लाल पट्ट्यांवर. आज मी पाच वेळा गरम वाफ घेतली. भीती वाटते. गावाला तोंड कसं दाखवू, ते वेगळंच. यांनी माझ्यावर पैज लावलीय आणि मला नको म्हणायचीही सोय नव्हती.

७ मे

आज फार वाईट होता होता वाचलं.

दुपारी खिडकीत बसलो होतो. खाली नदीकाठच्या रस्त्यावर दादा आणि जुंबेर दिसले. बरोबर जाताना नव्हे, दादा पुढे लंगडत, जुंबेर मागे बराच अंतर ठेवून. मग दादा थांबला, गुडघा धरून कठड्याला टेकला. जुंबेर पोचला. काहीतरी बोलला. दादा काहीतरी बोलला. मग दोघांचे हात वर गेले. आम्ही गुरियाचे लोक साधं पाणी मागतानाही हात हलवतो, पण हे तसलं नव्हतं. जुंबेर छातीवर मूठ मारत होता, दादा जमिनीकडे बोट दाखवत होता, पुन्हा पुन्हा. मला कळलं कशाबद्दल चाललंय ते. मातीबद्दल.

मी चपलांवरच पायऱ्या उतरलो, रस्ता ओलांडताना एका ट्रामने घंटा मारून मला झापलं. पोचलो तेव्हा दोघे नदीकडे तोंड करून उभे होते. जुंबेरचा हात दादाच्या काखेखाली होता, आधाराला. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. नदीवर वारा फार सुटतो इथे.

मी हातांनी विचारलं, काय झालं?

"काही नाही," जुंबेर म्हणाला. त्याचा आवाज जाड झाला होता. त्यालाही घसा धरतोय की काय! "गुडघ्याचं बोलत होतो."

"जा तू, वाफ घे," दादा म्हणाला.

मी वेळेवर पोचलो म्हणून बरं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर काय बोलून बसले असते कोण जाणे.

८ मे

आज माझीच उलटतपासणी झाली.

दोघे माझ्या खोलीत आले, एकत्र. इर्माबाईंनी कुठूनशी मक्याची भाकरी आणि चीज मिळवलं होतं, ते घेऊन पलंगावर बसले.

"मुर्मान," जुंबेर म्हणाला, "बाबांच्या पुण्यतिथीला दादा दरवर्षी माझ्या नावाचा पेला भरून ठेवतो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

'दादा' म्हणाला तो. सहा वर्षं 'मोठा' म्हणत होता.

मी लिहिलं, "सांग म्हणून त्याने सांगितलं नव्हतं." जुंबेरने ते दादाला वाचून दाखवलं. माझं अक्षर आता त्याला लागतं.

"आणि हा दर आठवड्याला माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा?" दादा म्हणाला. "तू काय उत्तर द्यायचास?"

"बरा आहे म्हणून," मी लिहिलं.

जुंबेरने वाचलं. दादा उभाच राहिला. "बरा? अरे, दोन वर्षं मला घराचा जिना चढता येत नाही! खाली मधाच्या डब्यांत झोपतो मी!"

जुंबेर भाकरी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. दादाही हसायला लागला, खालून, खर्जात, पलंग हलेल इतका. हसता हसता जुंबेरने डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाला, "मधाच्या डब्यांत! दादा, मला गाडी आहे रे. बातुमीत चांगला हाडांचा डॉक्टर आहे. मी दररोज त्याच्या दारावरून जातो."

मला यात काही कळेना. मी दोघांचंही कधी वाईट केलेलं नाही. जे सांगितलं असतं तर आग लागली असती, ते सांगितलं नाही. एवढंच लिहून त्यांच्यापुढे धरलं. जुंबेरने वाचलं, पण दादाला वाचून दाखवलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. धाकटा असून.

ते गेल्यावर बराच वेळ भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते. त्याच आवाजात मी झोपी गेलो, भाकरीचा तुकडा तसाच हातात.

९ मे

डॉक्टरीणबाई: सूज उतरली आहे. "हं" म्हणायची परवानगी. दिवसातून दहादा "हं".

मी "हं" म्हटलं. आला! जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, पण आला. इर्माबाईंनी मला मिठी मारली आणि मग लगेच रागावल्या, "रडू नका, रडण्यानेही घसा सुजतो."

११ मे

आज गायलो. हळू, पण पूर्ण. वरची एक जागा अजून निसटते.

तालमीला गेलो तर कळलं, दादा आणि जुंबेरने गाणं अर्ध्या सुराने खाली उतरवून ठेवलंय. माझ्यासाठी. मला न विचारता! दोघांनी आपापसात ठरवलं, साउंडवाल्याला सांगितलं, इर्माबाईंना सांगितलं, सगळ्यात शेवटी मला. मी म्हटलं (आता थोडं बोलतो), "मला का नाही विचारलं?"

"तुला त्रास नको म्हणून," दादा म्हणाला. "नको त्या गोष्टी तुझ्या कानावर कशाला घालायच्या?"

जुंबेर खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

खाली उतरवलेलं गाणं माझ्या घशात हातमोज्यासारखं बसलं, हे मात्र खरं.

१३ मे

पोचलो! अंतिम फेरीत पोचलो!

काल संध्याकाळी मंचामागे उभे होतो, काळे लांब अंगरखे घालून. आमच्या आधीचं गाणं चालू होतं, आगीच्या ज्वाळा, नाचणाऱ्या मुली.  मी देवाला म्हटलं, पहिला सूर दे, पुढचं मी बघतो.

दिवे लागले. ती शांतता. हजारो माणसं समोर, आणि सुरुवात माझी. त्या क्षणी मला तोंड उघडायचं धाडसच होईना. तेवढ्यात डावीकडून दादाने श्वास घेतलेला ऐकू आला आणि उजवीकडून जुंबेरने, दोन्ही एकाच वेळी, जणू एकाच माणसाने. त्या श्वासावर मी सुरू केलं.

आवाज आला. नवा कोरा नव्हे, दुरुस्त केलेला, पण माझा. खालून दादाने तो उचलला, वरून जुंबेर आरवत निघाला. शेवटच्या कडव्यात खेचर अखेर पूल ओलांडतं तिथे दोघे माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघून हसले. टीव्हीवर तेच दाखवलं म्हणे.

मग ते निकालाचं. दहा देश पुढे जाणार, नावं कुठल्याही क्रमाने. नऊ नावं गेली, आमचं नाही. दादा सारखा जुंबेरला विचारत होता, "काय म्हणतायत? आता काय म्हणाल्या त्या?" आणि जुंबेर त्याच्या कानात सांगत होता, शब्द न शब्द, काही न गाळता. दहावं नाव घ्यायला त्या निवेदिकाबाईंनी एवढा वेळ लावला की मला भूगोलातले सगळे देश आठवून झाले.

साकार्तवेलो, असं त्या म्हणाल्या नाहीत, त्यांच्या भाषेत जॉर्जिया म्हणाल्या. दादाला कळलंच नाही. जुंबेरने त्याला उचललं, गुडघ्यासकट. तेव्हा कळलं.

 मी सोफ्यावर बसलो आणि बसूनच राहिलो. आनंद वगैरे नंतर. आधी फक्त, सुटलो. देशाला मंचावर आणलं नाही असं कोणी म्हणणार नाही. या दोघांनी माझ्यावर लावलेली पैज फुकट गेली नाही.

१७ मे

अठरावे आलो. सव्वीसात.

इर्माबाई दोन मिनिटं रडल्या आणि मग त्यांनी एवढं जेवण मागवलं की वेटरने दोनदा विचारून खात्री केली. शेजारच्या देशांनी मनापासून गुण दिले. परीक्षकांनी काही फारसे दिले नाहीत. एका परीक्षकाने म्हणे सांगितलं, तिघांपैकी मधल्याचा आवाज थोडा थकलेला वाटला. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला काय माहीत.

दादा आणि जुंबेर आज सकाळपासून भांडतायत. जुंबेरने दुसऱ्या कडव्यात घाई केली की दादाने ढिलाई केली, यावरून. न्याहारीला भांडले, विमानतळावर भांडले, विमानात माझ्या दोन्ही बाजूंना बसून भांडले. शेवटी हवाईसुंदरीने मला विचारलं, तुम्हाला दुसरीकडे बसायचंय का? मी उठून खिडकीच्या रिकाम्या जागेवर गेलो. सगळा काळा समुद्र झोपेत गेला.

२० मे, घरी

दोन दिवस गाव घरात होतं. आज जरा शांत.

सकाळी दादाच्या मधमाश्यांचं एक मोहोळ उठलं आणि रस्त्यापलीकडच्या अक्रोडावर जाऊन बसलं. मी अंगणात होतो. दादा फाटकातून येताना दिसला तसा मी उभा राहिलो. म्हटलं, आता सांगेल, जुंबेरला फोन कर, शिडी घेऊन ये म्हणावं.

त्याने खिशातून फोन काढला, हात लांब करून आकडे शोधले आणि स्वतःच लावला. "जुंबेर! कुठे आहेस? मग वळव गाडी. अरे, असू देत माणसं आत, त्यांनाही घेऊन ये!"

अर्ध्या तासात मिनीबस दारात. त्यात बातुमीला निघालेली अकरा माणसं. एक बाई तर दातांच्या डॉक्टरकडे चालली होती. सगळे खाली उतरले, त्सीसानाने सगळ्यांना चहा आणि ताजी चीजची रोटी दिली. जुंबेर शिडीवर, दादा खाली खोकं धरून, आणि दोघांचा आरडाओरडा: "डावीकडे, दादा, डावीकडे!" "माझं डावं की तुझं?" "माश्यांचं डावं!" उतारू बसून बघत होते, दातवाली बाई गाल धरून हसत होती.

मोहोळ खोक्यात आलं. बस निघायला लागली. दादाही पुढच्या सीटवर चढून बसला. हाडांच्या डॉक्टरकडे आज दुपारची वेळ घेतलीय म्हणे. मला काही माहीत नव्हतं.

त्सीसाना पेले गोळा करत बाहेर आली. "असा का बसलायस? घसा दुखतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "काही काम नाही, म्हणून बसलोय."

"मग कोंबड्यांची अंडी काढून आण."

गेलो. ऊन चांगलं पडलं होतं. अंडी सात निघाली, एक अजून गरम होतं.